कपाच्या तळाशी

प्रिय धाकटे,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. साठाव्या वर्षी डाव्या हाताने गिरवते आहे. तीन बोटं मोडलीत, मनगट दोन ठिकाणी तडकलंय. बाइंडिंगचं दुकान मात्र बंद ठेवलेलं नाही. एका हाताने पुठ्ठे कापता येत नाहीत, पण गिऱ्हाइकांना दरडावता येतं.

आपल्या ठोंब्याला कायमचं मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवावं, असा तू सही केलेला कागद पोचला. त्याने तुला मारूनच टाकलं असतं ताई, असं म्हणत तू फोनवर रडलीस. सख्ख्या भावाबद्दल तुला असं वाटावं, ही सोय मीच केली. तेव्हा डोळे पूस आणि नीट वाच.

त्याचा स्किझोफ्रेनिया आपल्याला नवा नाही, वीस वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या घेणं सोडलं आणि भिंतीतले आवाज परतले: ताई विष घालते. तू म्हणालीस, कुटून कॉफीत घाल, कडवटात कडू लपेल. डॉक्टरांना विचारू या, हे दोघींपैकी एकीच्याही तोंडून निघालं नाही. शिकल्यासवरल्या आपण! पुस्तकाचा कणा ठोकायच्या हातोड्याने मी रोज सकाळी पुडीत गोळी कुटत होते. गुणही आला. तो कामाला बसू लागला, मला 'हेडबाई' म्हणून चिडवू लागला.

त्या मंगळवारी घाईत पूड भरड राहिली. त्याने कप संपवला, तळ बोटाने पुसला आणि बोट माझ्यापुढे धरलं. हे काय, ताई? साखर, मी म्हणाले. मग चाट. मी चाटलं नाही. तो ओरडला नाही गं, अंगावरही आला नाही. नुसता हसला. म्हणाला, इतकी वर्षं मला वेडा ठरवलंत, आणि विष खरंच होतं की! माझं डोकं फिरलं. लोखंडी पट्टी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदा नाही. कान फाटला, ओठातून दात बाहेर आला, तरी मी मारतच होते. वीस वर्षांचं सगळं त्या पट्टीत उतरलं होतं. पडता पडता त्याच्या हाताला हातोडा लागला. पहिला घाव माझ्या मनगटावर, दुसरा बोटांवर. पट्टी सुटली. तिसरा डोक्यात बसणार म्हणून मी डोळे मिटले. तो त्याने टेबलावर घातला, आणि टेबलावरच घालत राहिला, फळी फुटेपर्यंत. शेजारी धावत आले, त्यांना हातोडा दिसला. चौघांनी त्याला लाथांनी तुडवला. मी बघत होते. तोंड उघडलं नाही.

काल तो आहे त्या इस्पितळात जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आजार त्याचा आहे, म्हणाल्या, पण भरवसा तुम्ही मोडलात. मग त्याच्यासमोर बसवलं. विष नव्हतं, गोळी होती, मी खोटं बोलले आणि आधी हातही मीच उचलला, हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग आपल्या ओठावर बोट ठेवून म्हणाला, यांचे टाके बघ हेडबाई, आपल्या दुकानात असली शिलाई तू उसवायला लावली असतीस. कॉफी आली. त्याने आपला कप माझ्यापुढे सरकवला. मी अर्धा प्यायले. तो घड्याळाकडे बघत थांबला, आणि उरलेली गार कॉफी प्यायला.

गुरुवारी ठरेल, घर की संस्था. तुझा कागद मला फाडता आला असता. फाडला नाही, सोबत परत पाठवते आहे; तूच फाड. आणि ये. कॉफीची युक्ती कुणाची, असं त्याने विचारलं. मी सांगितलं नाही. ते तू सांगायचंस. मग तो कप तुझ्यापुढे सरकवेल. अर्धा पी, आणि उठायची घाई करू नकोस.

तुझीच,
ताई