द्रावकाची चूक

प्रिय इंदू,

सांगली सोडून इकडे उत्तरेत, मनीमाजऱ्याच्या या दोन खोल्यांत तुझ्यासोबत राहून तुलाच पत्र लिहायचं, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं म्हणशील. पण समोर बसून बोलले असते, तर पहिल्याच वाक्याला तू मला तोडलं असतंस. म्हणून तू प्रयोगशाळेत गेल्यावर लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात विभागात तू आलेख दाखवलेस, तेव्हा मी मागच्या रांगेत होते. हळदीतल्या द्रव्यानं कर्करोगाच्या पेशींमधली दाह वाढवणारी जनुकं मंदावतात, हे मला निम्मंच कळलं. टाळ्या मात्र पूर्ण कळल्या. सांगलीला फोन करकरून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं.

काल त्याच खोलीत तू पुन्हा उभी राहिलीस. मी पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. तू सांगितलंस, ते द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून द्रावकातून द्यावं लागतं. मात्रा वाढवली तसं द्रावकही वाढलं, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना तू तेवढं द्रावक दिलंच नव्हतंस. आता नुसतं द्रावक देऊन पाहिलं, तर त्यांचीही जनुकं जवळजवळ तेवढीच मंदावली. मग म्हणालीस, "गलती मेरी है. वो नतीजा मैं वापस लेती हूँ."

ही चूक कोणी पकडली नव्हती. लेख छापायला पाठवायला चार दिवस उरले होते. खोटं कशाला बोलू, आधी मला तुझा रागच आला. कशाला उकरलंस, असं वाटलं. तुझे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण आपली चूक अशी चारचौघांत उभं राहून सांगणारं कोणी पाहिलं नव्हतं. फार अभिमान वाटला गं, टाळ्यांच्या दिवसापेक्षाही जास्त.

आता माझं ऐक. माझ्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर रोज घ्यायची गोळी मी त्या टाळ्यांच्या दिवसापासून बंद केली होती. तुझ्यासमोर तळहातावर घ्यायचे आणि तू वळलीस की टाकून द्यायचे. वर हळदीचं पाणी प्यायचे. पेशींवरचा प्रयोग म्हणजे माणसाचं औषध नव्हे, हे तू शंभरदा बजावलं होतंस. पण लेकीनं शोध लावलाय, मग गोळी कशाला, असा माझा तोरा. सव्वीस दिवस झाले. आज सकाळी गोळी गिळली. शुक्रवारी डॉक्टरांना हे सगळं मी स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे. हवी तेवढी रागाव, पण तेव्हा माझ्या शेजारी बस.

तुझ्याकडून शिकलेली,
तुझीच आई