कोरी समजलेली कॅसेट

रविवार, २ फेब्रुवारी १९८६, मुलुंड

आजही बैठक भरली. दहा ते साडेबारा. आमची लेक नलिनी, तिच्या मरोळच्या कचेरीतला फ्रान्सिस आणि ट्रॉम्बे कोळीवाड्याचा हरेश्वर. तिघेही तिशीला टेकलेले. भेटताच परस्परांना विचारतात, "सध्या काय ऐकतोस?" मग जो तो आपले सध्याचे ऐकवतो. ह्याला रॉक म्हणतात. आरंभी कोणी लोखंडी कपाट जिन्यावरून खाली ओढत असल्यासारखा आवाज. फ्रान्सिस त्याला 'इंट्रो' म्हणतो.

"अंकल, बेस ऐका ना. पोटात लागतो."

पोटात लागण्यासारखे पुष्कळ काही आहे, म्हणालो. तिघे हसले. मी विनोद केला नव्हता.

ह्यांची एक वही आहे. कॅसेट प्रत्येकाकडे आठवडाभर राहते, वही तिच्याबरोबर फिरते, आणि ज्याच्याकडे कॅसेट त्याने अभिप्राय लिहायचा. "गिटार कडक. तिसरं साँग मिस केलं तर वाट लागली." चौतीस वर्षे मुद्रितशोधन केलेला माणूस हे घरात पडलेले कसे पाहील? एका पानावर लाल पेन्सिलीने अकरा दुरुस्त्या केल्या.

नलिनी म्हणाली, "अण्णा, ही प्रुफं नाहीत. वहीला पुन्हा हात लावू नका."



रविवार, ९ फेब्रुवारी

आतल्या खोलीत दार लावून बसलो. दार पुरले नाही. हरेश्वरचा भाऊ मालवाहू बोटीवर आहे. परदेशी बंदरात कुठल्याशा लहान सभागृहात त्याने एक बँड ऐकला. त्या बँडने स्वतःच विकलेली कॅसेट त्याने ह्याला पाठवली. दुकानात मिळत नाही म्हणे. मिळत नाही, ह्यात दुकानदारांचे शहाणपण दिसते.

"दुसरी बाजू ऐक, नले. अठरा मिनिटं एकच गाणं. मी तर वेडाच झालो."

'नले' म्हणतो. ती चालवून घेते.

अठरा मिनिटे किळस आली. मध्ये एके ठिकाणी मात्र सर्व वाद्ये थांबतात आणि एकच तार वाजत राहते. तेवढे दीड मिनिट वर्तमानपत्र खाली ठेवले होते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

कॅसेट ह्या आठवड्यात न.कडे. हरेश्वरच्या आईने सुक्या कोळंबीचे सोडे पाठवले आहेत. सोड्यांबद्दल तक्रार नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुपारी रेडिओवर शुद्धलेखनावर व्याख्यान. जपून ठेवावे म्हणून टेप करायचे ठरवले. न. कचेरीत. टेपजवळ एक कॅसेट पडली होती. वर नाव नाही, केवळ एक त्रिकोण. नाव नाही त्याअर्थी कोरी, असा निष्कर्ष काढला. लाल बटण दाबले जाईना. पाहतो तर मागच्या कडेचा चौकोनी तुकडा मोडलेला. वस्तू हाताळण्याची ही रीत. न. जुन्या कॅसेटींना तेथे चिकटपट्टी लावते, हे पाहिले होते. कात्रीने मापात कापून पट्टी लावली. बटण लगेच दबले.

व्याख्याता मात्र सुमार निघाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

व्याख्यान पुन्हा लावले. पंधरा मिनिटांनी वक्त्याने आभार मानले आणि त्याच क्षणी तो कपाट ओढण्याचा आवाज सुरू झाला. कॅसेट उलटून लावली. तेथेही तेच. कळले.

संध्याकाळी, दुसराच विषय काढल्यासारखे करून, न.ला विचारले की तो तुकडा मोडलेला का असतो. "पुसलं जाऊ नये म्हणून मुद्दाम मोडतात, अण्णा. विकत आणलेल्या तशाच येतात."

जो दोष समजून मी दुरुस्त केला, ते संरक्षण होते. ती एक तारही गेली.

हे तिला त्याच वेळी सांगता आले असते. चहा थंड होईपर्यंत बसलो आणि मग पाणी आले आहे का, हे विचारले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

व्याख्यान राहिले तर बोट माझ्याकडे. शांतता कोणाचीही असू शकते. ती गेल्यावर यंत्रासमोर बसून व्याख्यानावर पंधरा मिनिटे शांतता टेप केली. खोकला दाबून धरला होता. नंतर पट्टी काढून टाकली.

स्वतःच्या हाताने लिहिलेले वाचतो आहे. वाक्ये शुद्ध आहेत. बाकी सर्व ओंगळ.

रविवार, १६ फेब्रुवारी

हरेश्वरने दुसरी बाजू लावली. काहीच नाही. मग शेजारच्या कुकरची शिट्टी. कावळा. आणि दहाव्या मिनिटाला कोणी तरी घसा खाकरला. मी आतल्या खोलीत होतो. तो घसा मी ओळखला. त्या तिघांनी ओळखला नसेल, हे संभवत नाही.

फ्रान्सिस म्हणाला, "हे कोण..." आणि थांबला.

नलिनी म्हणाली, "माझ्याकडूनच झालं. रेकॉर्ड दाबलं गेलं."

"तुझ्याकडून? नले, तू तर आम्हाला शिकवतेस."

"झालं ना. चुकले. आता काय करू?"

"राहू दे." टेप बंद करत हरेश्वर म्हणाला, "भावाला काय सांगू, ते बघतो."

चहा न घेता गेला. मी बाहेर यायला हवे होते. दाराच्या कडीवर हात होता.

रविवार, २३ फेब्रुवारी

बैठक यापुढे फ्रान्सिसकडे, मरोळला. न. एकटी गेली, तासाभरात परतली. हरेश्वर आला नव्हता.

खोली स्वच्छ, नीरव. गेले वर्षभर ह्याचसाठी कुरकुरत होतो. तिची आई गेल्यापासून ही मुलगी हसायची ती रविवारीच, हे मला ठाऊक होते. ठाऊक असून आठवडाभर गप्प आहे. कपाटाचा तो आवाज इतका ओंगळ नव्हता.

शनिवार, ८ मार्च

वही फिरत फिरत ह्या आठवड्यात पुन्हा न.कडे. उद्या वही हरेश्वरकडे जायची आहे. तो मरोळला येणार असल्याचा निरोप आहे. न. भाजी आणायला गेली असता उघडली. त्या आठवड्याचे पान. न.चे अक्षर:

'दुसरी बाजू माझ्या हातून पुसली गेली. सॉरी, हरेश.'

नेटके वाक्य. अन् साफ खोटे.

वहीला हात लावू नका, असे तिने बजावले होते. लाल पेन्सिल काढली. 'माझ्या' खोडले. समासात 'वडिलांच्या' लिहिले. खाली आणखी दोन ओळी: 'नंतर शांतताही त्यांनीच भरली. मधली ती एक तार ऐकण्यासारखी होती.' सही केली.

रविवार, ९ मार्च

न.ने सकाळी वही पिशवीत टाकली. न उघडता.

साडेसहाला परतली. चपला काढल्या. वही माझ्या टेबलावर ठेवली आणि आत जाता जाता म्हणाली, "हरेशने लिहिलंय. अण्णांना वाचू दे म्हणाला."

"तू वाचलेस?"

"तुमच्यासाठी आहे ते."

आत भांडी वाजत आहेत. रोजच्यापेक्षा जोरात की हळू, ठरवता येत नाही. वही समोर आहे. चष्मा दोनदा पुसला. लाल पेन्सिल खणात ठेवून खण बंद केला.