खळ्यावरची उडवी

आई,

आज माहेरी आले आहे. भाच्याची नवी बायको विचारत होती, की पेंढ्याची उडवी घरापासून एवढी लांब, पार खळ्यावर का रचतात. गुरांना पेंढा आणता आणता पाय मोडून येतात. मी तोंड उघडायच्या आत भाचा म्हणाला, "थोरल्या आजोबांची पद्धत हाय ती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्या आजोबांची! म्हणजे माझ्या काकांची, तुझ्या मोठ्या दिरांची. तू गेलीस, तेही गेले, आणि तुझं काम अजून त्यांच्याच नावावर चाललंय. म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. बाबा मुंबईला गोदीत, शिमग्याला आणि गणपतीला तेवढे यायचे. कारभार सगळा काकांचा. घर पेंढ्यानं शाकारलेलं आणि पाठीमागं डोंगर. उन्हं तापली की कुणीतरी तिथं वणवा लावायचंच. तू माघापासूनच कामाला लागायचीस. परसातला पातेरा, सगळा वाळका पाला, खराट्यानं ओढून भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबाला न्यायचीस, गवत मुळासकट उपटून बांधापर्यंतची जमीन उघडी करायचीस. शिमग्याला पोरं होळीसाठी लोकांच्या वाळक्या वया, काट्याकुट्यांची कुंपणं, चोरायची आणि लोक त्यांना शिव्या घालायचे. तू आपली वई स्वतः उपसून त्यांच्या हातात दिलीस आणि तिच्या जागी निवडुंग लावलास. बायका हसल्या. "दारात निवडुंग? आता हिच्या घरात रोज भांडणं."

एवढं करून उडवी मात्र घराच्या मागच्या भिंतीलाच टेकलेली. मोठ्या दिरासमोर बोलायचं नाही ही रीत, म्हणून तू दारामागं उभी राहायचीस आणि मला पुढं करायचीस. "सांग काकांना, उडवी भिंतीला नको. ठिणगी पडली तर घर जाईल." काका ओटीवरच बसलेले, त्यांना सगळं ऐकू जायचं, तरी मी ते पुन्हा म्हणायची. ते मलाच उत्तर द्यायचे, "सांग तुझ्या आयला, गुरांचं आमी बघू. तिनं चूल बघावी." दर वर्षी हेच. मग एकदा काका बैल बघायला माणगावला गेले, त्या दिवशी तू आणि मी भारे डोक्यावर घेऊन अख्खी उडवी खळ्यावर नेली. परत आल्यावर ते अंगणात उभे राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "सांग तिला, या घरातले बाप्ये मेले न्हाईत अजून!" गडी मिळाले की उडवी परत आणतो म्हणाले. तू आत भाकऱ्या थापत होतीस. तुझा हात थांबला नाही, याचा मला अजून राग येतो.

गडी मिळायच्या आधी वणवा आला. भर दुपारी डोंगर उतरून थेट परसापर्यंत. तुम्ही बायका छपरावर घागरी ओतत होता. आग बांधापाशी आली, पुढं जळायला काही मिळेना, तिथंच बसली. पण वाऱ्यानं उडालेली ठिणगी खळ्यावर पडली आणि उडवी भडभडून पेटली. घर मात्र शाबूत होतं.

आणि संध्याकाळी ओटीवर जमलेल्या चार माणसांत काका काय म्हणाले? "परसात असती तर ऱ्हायली असती. बायकांच्या डोक्यानं चाललं की असं व्हतं. आता गुरांना काय घालू?" माणसांनी माना डोलावल्या. म्हणजे घर गावदेवीनं राखलं, उडवी तू जाळलीस! मी दाराशी येऊन उभी राहिले. म्हटलं, आता तू निरोप देशील. तू म्हणालीस, "मामाकडं पेंढा मागून बघू." एवढंच. आई, तुझ्याजवळ साधं सरळ उत्तर होतं. ते तू का दिलं नाहीस? ज्या घरासाठी तू हाताला फोड आणलेस, त्याच घरात खाली मान घालून का राहिलीस?

पुढच्या वर्षी मळणी झाल्यावर काकांनी कुणाला काही न सांगता उडवी खळ्यावरच रचली. तू ती दारातून पाहिलीस आणि खुशीत म्हणालीस, "बघ, भावजींना आपसूक कळलं." आपसूक! तूसुद्धा त्यांनाच श्रेय दिलंस.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. त्या संध्याकाळी माणसं उठून गेली आणि तू घागर घेऊन विहिरीवर गेलीस. मी ओटीवर जाऊन काकांसमोर उभी राहिले. "आई सांगते," मी म्हटलं, "उडवी परसात असती तर आज तुम्ही या ओटीवर बसला नसता." काका विडी हातातच विझेपर्यंत दाराकडं बघत राहिले. दारामागं कुणीच नव्हतं.