एक सूर खाली

४ जानेवारी
हिशेब मांडला. हिच्या गाण्यांचा अल्बम काढायला पैसा फारसा लागला नाही. लागलं ते वेगळंच — कॅसेटींसाठी हिचं कपाट उघडावं लागलं आणि लेकीने अबोला धरला. "आईने घरात गायलेलं घरातच राहू दे," म्हणत होती. तरी सौदा स्वस्तात पडला म्हणायचा. हिच्यामागे हिचा आवाज तरी राहील!

७ जानेवारी
कॅसेटी सगळ्या घरच्या, शेवटच्या काही वर्षांतल्या. प्रत्येकीची सुरुवात ऐकली. आवाज जड, खाली गेलेला. टेप हळू फिरतेय — लगेच ओळखलं! खांबाखांबावर लाउडस्पीकरचे कर्णे बांधत मोठा झालोय, कानांवर पोट भरलंय. ही कायम काळी चारमध्ये, चांगल्या उंच पट्टीत गायची. रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं, वेग वाढवा, पट्टी काळी चारला आणा. अर्धवट असतील ती गाणी गाळून टाका.
"नक्की ना?"
"अहो, हिचा पहिला श्रोता मी! हिचं एक गाणं माझ्या कानाआड झालेलं नाही."

१२ जानेवारी
झकास! ही वीस वर्षांनी लहान झाली.

१५ जानेवारी
लेकीला बळेच ऐकवलं. अबोला सोडला तो एवढंच बोलायला — "बाबा, ही आई नाही. आईची कुणी धाकटी बहीण असेल. आणि तिला बस पकडायची घाई आहे."
मी हसलो.

१८ जानेवारी
पेटीवाले आले. हिच्या साथीला जन्मभर बसलेला माणूस. पहिलंच गाणं त्यांनी अर्ध्यावर थांबवायला लावलं. चष्मा काढून पुसला.
"मालक, टेप बरोबर होती."
"म्हणजे?"
"वहिनी पट्टी एक सूर उतरवून गायच्या. काळी तीन. वरचा सूर लागेना त्यांना. म्हणाल्या, यांना कळू देऊ नका, चारचौघांत माझी पट्टी मिरवतात हे."

मिरवायचोच! गिऱ्हाईक स्पीकर घ्यायला आलं, तरी आधी हेच — "आमच्या हिची अजून काळी चार!" ही आत चहा गाळत असायची. सगळं ऐकू जायचं तिला.
कार्यक्रम नको म्हणाली तेव्हा मी काय म्हणालो? "पुरे झाले नखरे." पेटीवाल्यांसमोरच. आज त्यांनी ते काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी
रेकॉर्डिंगवाल्याला फोन. म्हटलं, वेग होता तसा करा.
"अहो, प्रकाशन तोंडावर आलंय! लोक म्हणतील, बाईंचा आवाज उतरला होता."
"उतरलाच होता," म्हटलं.
आणि फोन ठेवला.

२० जानेवारी
काळी तीन. धाप नाही, घाई नाही. केवढी निवांत गाते ही! मला हा आवाज नवाच.

२२ जानेवारी
लेक आणि मी, मूळ कॅसेटी प्रथमच शेवटपर्यंत ऐकल्या. प्रत्येकीतलं शेवटचं गाणं अर्धवट. आधी फाटकाशी गाडीचा हॉर्न, मग टेप बंद केल्याचा खट्ट आवाज.
हॉर्न माझ्या गाडीचा आहे.