आधी बेल वाजव

बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. बाबू यास आईचे पोटभर आशीर्वाद.

मागच्या खेपेला चष्मा विसरून गेलास, त्याआधी छत्री. आता आईलाच विसरलास. चष्मा मीच लावते. अक्षर एक येत नाही, पण तो लावला की शेजारणी मला अहो-जाहो करतात. बाकी खुशाल. गुडघे जागच्या जागी आहेत, कुरकुरतात.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात तुला तोंड नाही.

तुझी लेक, आपली ठकी, वेगळी राहायला गेली ते तुला पसंत नाही. रविवारी गाडी घेऊन तिला परत न्यायला येतोयस म्हणे. ये. पण आधी माझी काय फजिती झाली ते ऐक!

गेल्या बुधवारी मी तिची खोली बघायला गेले. अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तळमजल्यावर दिलीय. दाराला उंबरठा नाही, तिची चाकाची खुर्ची सरळ आत. ओटा असा खाली, की बसल्या बसल्या हात पोचतो. मी नेहमीसारखी दार ढकलून आत शिरले.

"आजी, बेल," ठकी म्हणाली.

मला वाटलं, बिघडली. म्हटलं, "करून घेऊ गं दुरुस्त."

"चांगली आहे. बाहेर जा आणि वाजव."

बाबू, तिची आई गेल्यापासून जिला मी न्हाऊ-माखू घातलं, तिनं मला घराबाहेर काढलं! गेले बापडी. बेल वाजवली. आत खुर्ची कशावर तरी धडकली, काहीतरी पडलं, मग ती एकटीच हसली. मी ताटकळत उभी. शेवटी दार उघडलं.

"कोण पाहिजे?" म्हणते कशी!

"घरमालकीणबाई आहेत का?"

अशी फुलली रे पोरगी! म्हणाली, "या, बसा." सव्वीस वर्षांची झाली, पण कुणाला 'या, बसा' म्हणायला तिला मिळालंच नव्हतं बघ.

सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येते. त्या दिवशी ठकीचे हात थरथरत होते, बटण काही लागेना, आणि ही बया समोर हातावर हात ठेवून बसलेली! मी म्हटलं, "बाई, हात काय शोभेला लावलेत?"

"ठकीताईंनी सांगितलं की उठते, आजी. न सांगता हात लावायचा नाही, असं आमचं ठरलंय."

ठकीताई! ऐकलंस ना? शेवटचं बटण मात्र ठकीनं तिला सांगितलं, "हे तेवढं लावा." साहेबी थाटात! मग चहाही तिनंच केला. अर्धा कपात, अर्धा बशीत, थोडा माझ्या मांडीवर. पण काय फक्कड झाला होता!

मी म्हटलं, "आठ दिवस राहू का इथं? तुला सोबत होईल." म्हणाली, "दर बुधवारी ये."

माझं मजेत चाललंय. फक्त हातांची सवय जात नाही. काल शेजारणीचा मुलगा दिसला, तर त्याच्या शर्टाचं बटण लावायला गेले. तो बँकेत साहेब आहे. असो.

(बाबा, आजीनं चष्मा काढून पुसला. — ठकी)

हे लिहायचं नव्हतं! हो, हे पत्र तुझी लेकच टाइप करतेय, तिच्या घरी, एका बोटानं. म्हणून एकेक शब्द सावकाश सांगावा लागतोय. मला, बाबू! जिला कधी दम निघाला नाही, तिला!

तर रविवारी ये. गाडी कोपऱ्यावर लाव. बेल वाजव आणि थांब. पुन्हा वाजवू नकोस, ती येत असते. 'या, बसा' म्हणाली की बस. मग तिलाच विचार, यायचंय का. हो म्हणाली तर ने, मी आड येणार नाही.

तुझी आई, बुधवारची पाहुणी

ता. क. ठकीसाठी मऊ, कुस्करलेलं काही आणू नकोस. भाजलेल्या शेंगा आण, टरफलासकट. सोलून आणशील तर याद राख. सोलेल ती. आपण समोर हातावर हात ठेवून बसायचं.