बधिर बोटं

बाबा, थंडी म्हणजे काय हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं आणि तुम्ही त्यातलं एक अक्षरही कधी आम्हाला सांगितलं नाहीत. तुम्ही कुवेतला असायचात म्हणून गावात जो तो तुमच्या उन्हाचीच चौकशी करायचा. सुट्टीवर आलात की ओटीवर बसून कोणीतरी विचारायचंच, "काय रे, पन्नास डिग्रीत कसा ऱ्हातोस?" आणि तुम्ही हसून म्हणायचात, "सवय झाली. सगळा बरा हाय." तुमचा दिवस बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी उचलण्यात जातो, बाहेर ऊन भाजून काढत असताना तुम्ही आत कानटोपी घालून असता, हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत. मला ते कळलं तुम्ही कायमचे गेल्यावर, आईकडून, आणि तिलाही ते अर्धंमुर्धंच माहीत होतं. आता मी त्याच कुवेतमध्ये नर्स आहे. सबाह अल-सालेमला आमचं घर आहे. तुमची नात इथेच जन्मली, आता पंधरा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मी तुमच्यावर रागावले आहे, बाबा. गेले तीन आठवडे रागावले आहे, आणि हा राग कुठे काढावा ते कळेना म्हणून लिहायला बसले.

झालं असं की शाळेच्या हिवाळी सुट्टीत मी तिला बर्फ दाखवायला घेऊन गेले. फिनलंडच्या पार वरच्या टोकाला, जिथे सूर्य आळशी पोरासारखा जेमतेम डोकं वर काढतो आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतो. नवऱ्याला रजा मिळाली नाही, तेव्हा आम्ही दोघीच. गाइडबरोबर दिवसभर जंगलातून चालायचं, दुपारी शेकोटीपाशी जेवायचं, संध्याकाळी परत, अशी ती सहल होती. लेकीची हौस आहे असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण खरी हौस माझीच. निघण्याआधी इथल्या एगैला भागातल्या मॉलमध्ये मी लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोप्या अशी काही खरेदी केली की दुकानदार म्हणाला, "सिस्टर, पूरा गांव जा रहा है क्या?" थंडी पायातून शिरते हे आईचं शास्त्र. त्याप्रमाणे त्या सकाळी हॉटेलात मी लेकीच्या पायांत एकावर एक तीन मोजे चढवले. गाइड म्हणजे एक उंच, लाल गालांची मुलगी होती. बूट देताना ती सगळ्यांना बजावत होती, एकच जाड मोजा घाला, बूट सैल राहू द्या, आत बोटं हलली पाहिजेत. मी मनात म्हटलं, बाई गं, तुमची पोरं बर्फात जन्मतात, आमची एसीत. लेकीचे बूट मीच ओढून घट्ट बांधले आणि विचारलं, "हलतायत ना बोटं?"

"आय अ‍ॅम फाइन, आई," ती म्हणाली. तिथे विषय संपला.

आणि ते जंगल! झाडं बर्फाने वाकून एकमेकांवर रेललेली होती, लग्नघरात पहाटे पेंगणाऱ्या बायकांसारखी. बर्फात रुतू नये म्हणून पायांना जाळीच्या रुंद फळ्या बांधल्या होत्या. चालताना त्यांचा तेवढा करकर आवाज यायचा, आणि थांबलं की काहीच नाही, स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येईल इतकं शांत. आभाळ खालच्या बाजूला गुलाबी, वर निळसर. पापण्यांवर श्वासाची वाफ गोठत होती. मला वेड लागायचं बाकी होतं. उजव्या हाताचा मोजा काढायचा, फोटो काढायचा, मोजा चढवायचा, की लगेच पुढचं झाड आणखी सुंदर. शेवटी मोजा खिशातच ठेवून दिला. लेक मागून येत होती. मी वळून वळून तिला उभं करत होते, "हस जरा, आजीला पाठवायचाय," आणि ती हसत होती.

गाइडची एक रीत होती. थोडं चाललं की ती थांबायची आणि एकेकाच्या पुढ्यात उभी राहून विचारायची. कसे आहात, असं नाही. पायाची बोटं कशी आहेत, हाताची कशी आहेत, नाक जाणवतंय का. नुसतं ओके म्हटलेलं तिला चालत नसे. इथे न सांगणं हा उद्धटपणा समजतात, असं तिने हसतहसत सांगितलं, कारण एकाने लपवलं की सगळ्यांवर बेततं. माझ्या पुढ्यात आली तेव्हा मी दोन्ही हात खिशात घातले आणि सगळं झकास आहे म्हणाले. लेकीनेही तेच सांगितलं, बोटं हलतात, गरम आहेत. इतकं सफाईने सांगितलं की गाइडलाही खरं वाटलं.

आपल्या घरात नेमकं उलट होतं ना, बाबा? शुक्रवारी तुमचा फोन यायचा, नाक्यावरच्या दुकानात. आई आम्हाला वेणीफणी करून न्यायची, जणू तुम्ही फोनातून बघणारच आहात, आणि वाटेत पढवायची, "रडायचा नाय. सगळा बरा हाय म्हणायचा." तिकडून तुम्हीही तेच म्हणायचात. दोन्हीकडून सगळं बरं आहे म्हणून झालं की बोलायला काही उरायचंच नाही, मग पाऊस पडला का, आंबा मोहरला का. एकदाच माझ्या तोंडून निसटलं, "बाबा, आईला खूप ताप आहे, ती उठतच नाही." पुढच्या सुट्टीत आलात तेव्हा मला परसात नेऊन रागावलात. ओरडला नाहीत, ते फार वाईट होतं. म्हणालात, "परत असा फोनवर सांगायचा नाय. तिकडं माणूस काय करनार? नुसता तळमळनार." मी दहा वर्षांची होते. ते वाक्य मी असं पाठ केलं की अजून विसरले नाही. मग तुमच्या छातीत दुखायला लागलं तर तुम्ही ते पित्तावर घातलंत, आणि मला नर्सिंगच्या हॉस्टेलवर निरोप आला, बाबांना जरा बरं नाही, ये. जरा बरं नाही म्हणजे काय, ते एसटीत बसल्यावर माझं मला समजलं.

दुपारी आम्ही एका लाकडी खोपटात शिरलो. मधोमध शेकोटी, भोवती बाकं, किटलीत कसल्याशा बोरांचा गरम रस. लेक येताना अडखळत होती, मला वाटलं दमली. ती बाकावर बसली, बूट काढले आणि मोज्यांसकट पाय सरळ जाळाला लावले. गाइड हातातला चमचा टाकून धावली आणि तिचे घोटे धरून पाय मागे ओढले.

"तुला आगीची ऊब लागतेय का?"

"नो," लेक म्हणाली.

"मग आगीपासून लांब. ज्याला गार कळत नाही, त्याला भाजलेलंही कळत नाही."

एकेक करून तिन्ही मोजे निघाले. बोटं पांढरी झाली होती, मेणाच्या बाहुलीची असावीत तशी. मी त्यांना हात लावला, चिमटा काढला, आणि ती पोर माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी रोज वॉर्डात साखर झालेल्या म्हाताऱ्यांचे पाय तपासते. "फी अलम? दुखतंय का?" असं विचारते, आणि कोणी नाही म्हणालं की घाबरते, कारण दुखत नाही हीच वाईट बातमी असते. हे सगळं मला येतं, बाबा. आणि माझ्याच पोरीच्या पायांना मी तीन मोजे घालून करकचून बांधलं होतं.

पण खरं सांगू? त्या क्षणी मला तिचे पाय दिसत नव्हते, मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही सुट्टीवर आलेले आहात, आई भाकऱ्या करतेय, आम्ही भावंडं चुलीपाशी दाटीवाटीने बसलोय. तुम्ही चुलीवरचा टोप फडक्याशिवाय उचलून खाली ठेवता. आम्ही ओरडतो. मग तुम्ही आणखी रंगात येता, चुलीतला एक निखारा दोन बोटांत उचलता आणि आमच्या तोंडापुढे धरता. "बघा, काय होत नाय." एकदा जरा जास्त वेळ धरलात आणि कातडी जळल्याचा वास आला. आईने तुमचा हात ओढून पाण्याच्या तांब्यात घातला. तुम्ही तेव्हाही हसलात, "काय नाय गो." मी शाळेत सगळ्यांना सांगितलं, माझे बाबा निखारा हातात धरतात. मोठी झाले, नर्स झाले, असल्या बोटांबद्दल परीक्षेत पानंच्या पानं लिहिली, पण तो निखारा माझ्या मनात जादूच राहिला. त्या खोपटात एक अनोळखी मुलगी एक वाक्य बोलली आणि जादू संपली. तुमची बोटं मेलेली होती. कोंबड्यांच्या खोक्यांनी मारलेली होती. तुम्ही त्याचा खेळ करून आम्हाला दाखवलात आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

गाइड म्हणाली, चोळू नकोस, तुझ्या पोटाशी धर. मी जॅकेट उघडलं, आतले स्वेटर वर केले आणि लेकीचे दोन्ही पाय उघड्या पोटावर घेतले. बर्फाच्या लाद्या ठेवल्यासारखं वाटलं, श्वास अडकला. अशी किती वेळ बसले कोण जाणे. मनात एकच चाललं होतं, बोटं जायला नकोत, तुम्ही बघताय ना, बोटं जायला नकोत. मग तिचा चेहरा वाकडा झाला. ती कळवळून रडायला लागली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून आपणहून मराठी आलं, "आई, दुखतंय. खूप दुखतंय." मीही रडले. दुखतंय ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"मग आधी का नाही बोललीस?" मी परतताना गाडीत विचारलं. रागानेच विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत इंग्रजीत म्हणाली, तू इतकी खूश होतीस. मग म्हणाली, आपल्या घरात सगळे नेहमी फाइनच असतात, आई. आजी पडली तेव्हा तू मला महिन्याने सांगितलंस. तुला बरं नसतं तेव्हा तू दार लावून घेतेस आणि बाहेर येऊन हसतेस. मला वाटलं असंच करतात.

मी तिला एवढंच म्हणाले की यापुढे आपण दोघींनी खरं सांगायचं, काहीही असलं तरी. तिने मान डोलावली. आणि ती पाळतेय, हे विशेष. तिचे पाय आता बरे आहेत, कातडीचा पापुद्रा निघाला तेवढाच. शाळेतून आली की सोफ्यावर बसून मला बोटं हलवून दाखवते, इथे मुंग्या येतात, इथे नाही, गणितात कमी मार्क पडले, मैत्रीण बोलत नाही. सगळं. मग विचारते, "आणि तू?"

मी म्हणते, मी बरी आहे.

बाबा, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या शेजारचं, ज्यांनी मी दिवसभर फोटो काढले, ती अजून बधिर आहेत. टोकांना काही कळत नाही. वॉर्डात पेशंटची नस चाचपायला मी आता डावा हात पुढे करते, आणि कोणी बघत नाही ना, बघते. डॉक्टर मंडळी जेवायला माझ्याच शेजारी बसतात, पण त्यांना दाखवलेलं नाही. दाखवलं तर सुई हातात देतील का, ही धास्ती आहे. हे काम गेलं तर मी कोण, ते मला माहीत नाही. बरी होतील, असं मी स्वतःला सांगते. तुम्हीही तसंच सांगत असाल, त्या खोक्यांमध्ये उभे राहून.

आज शुक्रवार. सकाळी आईचा व्हिडिओ कॉल झाला, तिच्याकडे सगळं बरं आहे, माझ्याकडे सगळं बरं आहे. दुपारी भाताचा टोप गॅसवरून उतरवताना मी फडकं घ्यायला विसरले. टोप ओट्यावर नीट ठेवला, झाकण काढलं, आणि मग वास आला. लेक दारात उभी होती. टाळ्या वाजवायच्या वयाची ती नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. "आई, भाजलं?"

"काय नाय गो," मी म्हणाले. तुमच्याच बोलीत. ती बोली मी या घरात कधी बोलत नाही.

ती खोलीत गेली. दार उघडंच ठेवलंय तिने, इथून तिचे पाय दिसतात, पलंगावरून लोंबकळणारे. मी डाव्या हाताने लिहू शकत नाही, याच हाताने लिहितेय, म्हणून हे अक्षर असं वेडंवाकडं आलंय, पेन धरलंय की नाही ते बघून बघून लिहावं लागतंय. तुम्हाला सांगणं सोपं होतं, बाबा. तुम्ही आता तळमळणार नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.