सात पासपोर्ट, एक पिशवी

लव्हाल, क्वेबेक,
६ एप्रिल

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार. तुम्ही दोघं बरे असाल. तिकडे व्हिटबीचा बर्फ गेला असेल, इथे मी आज सकाळीसुद्धा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला. कॅमेऱ्याच्या त्या फोननंतर दोन वर्षं तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत, म्हणून पत्र. तुम्ही विजेचं बिलसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, तर हेही वाचाल.

बातमी अशी की मला काम मिळालंय. इथले रविकांतकाका आपल्या लोकांच्या सहली नेतात, त्यांनी मला गाईड म्हणून घेतलं. कॉलेज का सोडलं, हे विचारलंच नाही. स्पॅनिश येतं का आणि ती शहरं एकटीनं फिरलीयेस का, एवढंच विचारलं. मार्चमध्ये मी सात ज्येष्ठांना ब्यूनोस आयर्सला नेलं आणि सातही जण धड परत आणले. एक चष्मा हरवला, पण तो विमानात. एअरलाइनला मी तीन ईमेल केल्या, तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरं... ते जाऊ दे.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना लॉबीत बसवून सांगितलं. फोन कॅफेच्या टेबलावर ठेवायचा नाही. मॅप बघायचा तर दुकानात शिरून. रस्त्यात टॅक्सीला हात करायचा नाही, ॲपवरूनच बोलवायची. सोनं घरीच राहिलं असेल तर उत्तम, नसेल तर हॉटेलच्या तिजोरीत. कुणी अडवलंच तर मागेल ते देऊन टाकायचं, हुज्जत नाही. एक काका म्हणाले, आमची ही भाजीवाल्याला सोडत नाही, चोराला काय सोडणार. काकू त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.

शेवटचं मात्र कुणालाच पटलं नाही. अंगावर काही उडालं तर पुसायला थांबायचं नाही, डाग तसाच घेऊन चालायचं. चित्राकाकू नागपूरला बँकेत हेड कॅशिअर होत्या. त्यांनी विचारलं, "हळदीचा असला तरी?" म्हटलं, तरी.

आपल्या माणसांना डाग बघवत नाही हो बाबा. चौथ्या दिवशी बोटीनं उरुग्वेला जायचं होतं. धक्क्याकडे चालताना चित्राकाकूंच्या पाठीवर पिवळं काहीतरी उडालं आणि सगळे थांबले. एकीनं रुमाल काढला, एक म्हणाली चोळू नका, एकानं सोडा सुचवला. इतक्यात टिशू घेऊन एक गोड हसरा माणूस आलाच. काकूंनी खांद्यावरची पिशवी उतरवायला हात घातला होता.

मी ओरडले, "काकू, पिशवी छातीशी. डाग राहू दे. चला."

आणि त्या चालल्या. त्या माणसाला शुद्ध मराठीत म्हणाल्या, "नको हो, घरी गेल्यावर धुवू." बाकीचे मुकाट मागे. धक्क्यावर पोचल्यावर काकूंनी पिशवी उघडली. आत सातही पासपोर्ट होते. हेड कॅशिअर होत्या ना, म्हणून मला न सांगता सगळ्यांनी त्यांच्याकडे ठेवायला दिलेले. सांगते बाबा, त्या क्षणी मी जेवढी ताठ उभी होते तेवढी आयुष्यात कधी नव्हते.

बोटीत काकूंनी विचारलं, "तुला कसं कळलं गं इतक्या पटकन?" मी सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस? वडलांना सांग."

तर सांगते. तुमचा कॅमेरा मी विकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात माझ्या मानेवर असंच काहीतरी उडालं. आईच्या वयाची एक बाई धावत आली, माझे केस बाजूला करून ओल्या टिशूनं मान पुसायला लागली. चार महिने मी एकटी फिरत होते. इतक्या दिवसांत मला कुणी मायेनं हात लावला नव्हता. मी कॅमेऱ्याची बॅग पायाशी ठेवली आणि डोळे मिटून तिला पुसू दिलं. उघडले तेव्हा बाई नव्हती, बॅगही नव्हती.

तुम्हाला म्हटलं, पैसे संपले, विकला. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. माझ्या जन्मापासूनचे फोटो ज्याच्यावर काढलेत तो कॅमेरा. पण मला वाटलं, विकणारी मुलगी वाईट ठरते, निदान बावळट ठरत नाही. बावळट म्हणवून घेणं मला जमेना. हा ताठा कुणाकडून आलाय ते आई सांगेल.

सात जणांना परत आणल्यावरच हे लिहायचा धीर झाला. ऑक्टोबरमध्ये लिमा आहे, बारा जण.

माफी मागत नाही. एवढंच करा, कुणी विचारलं तर मुलीनं कॅमेरा विकला असं सांगू नका. चोरीला गेला म्हणा. तिच्या बावळटपणानं गेला म्हणालात तरी चालेल, आता मला ते ऐकता येईल.

तुमचीच, तुमच्याइतकीच हट्टी,
अनुया